बॉक्सरांच्या थापा आणि कमाटीबागेतला दगड

मागच्या अंकात एका शाळकरी मुलाने विचारलं होतं की माइक टायसन खरंच गोरिलाशी लढला का, आणि मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो होतो, की लढला नाही, पण पिंजऱ्यात जाऊ दे म्हणून रखवालदाराला दहा हजार डॉलर देऊ केले होते असं तो स्वतःच सांगतो, आणि रखवालदार नको म्हणाला. झालं! तेवढ्यावरून व्हॉट्सॲपवर इतके प्रश्न आले की मोबाइल चार्जिंगला लावून वाचावे लागले. तेव्हा या महिन्यात फक्त बॉक्सर. गुडघेदुखी, पासपोर्ट आणि सेव-उसळीची तरी घरी लाल का होत नाही, हे सगळं पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: मुहम्मद अलीने ऑलिंपिकचं गोल्ड मेडल नदीत फेकून दिलं असं नातवाच्या शाळेत भाषणात सांगितलं. इतक्या कष्टाने मिळवलेली वस्तू कोणी फेकतं का हो?
(एक आजी, दांडिया बाजार)

आजी, तुम्हाला आलेला संशय अगदी बरोबर आहे. आधी खरं तेवढं सांगतो. साल 1960, गाव रोम, तेव्हा तो अली नव्हता, कॅशियस क्ले होता, वय 18, लाइट हेवीवेटच्या फायनलमध्ये पोलंडच्या बॉक्सरला हरवून गोल्ड घेतलं आणि मग ते मेडल गळ्यातून काढेचना, झोपताना पण घालून झोपायचा. त्याचं गाव लुइव्हिल, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, आणि तिथे त्या काळात काळ्या माणसाला बऱ्याच हॉटेलांत बसून खायला देत नसत, मग गळ्यात गोल्ड असो नाहीतर काही असो. हे सगळं खरं.

आता कथा. हॉटेलातून हाकललं, बाहेर गोऱ्या मोटरसायकलवाल्यांशी जुंपली, आणि त्या संतापात त्याने ओहायो नदीच्या पुलावरून मेडल भिरकावलं. ही कथा लोकांसमोर आली 1975 साली, त्याच्या आत्मचरित्रातून, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी, आणि ते पुस्तक लिहायला सोबत दुसरा लेखक होता. पुढे त्याच्या जवळच्याच माणसांनी सांगून टाकलं की फेकलं कसलं, हरवलं ते. 1996 ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये थरथरत्या हाताने त्याने ज्योत पेटवली तेव्हा त्याच ऑलिंपिकमध्ये त्याला बदली मेडलही दिलं. मला विचाराल तर अपमान शंभर टक्के खरा होता, फक्त त्याला पूल आणि नदी नंतर जोडली. नुसतं "कुठेतरी पडलं हो" म्हटलं तर कोण ऐकतंय.

आणि गंमत बघा, नातवाला सांगायला याच्यापेक्षा चांगली गोष्ट आहे आणि ती खरी आहे. 1954 साली बारा वर्षांच्या कॅशियसची नवी सायकल चोरीला गेली. रडत रडत तक्रार करायला गेला तर पोलीस भेटला जो मार्टिन, जो तळघरात मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. चोराला बदडून काढतो म्हणाला पोरगा, तर मार्टिन म्हणाला आधी लढायला तरी शिक. बस्, तिथून सुरुवात. माझीसुद्धा सायकल सुरसागरजवळून गेली होती, मी फक्त जाड कुलूप घ्यायला शिकलो.

प्रश्न: काका, अली म्हणायचा की मी लाइटचं बटण बंद करतो आणि अंधार व्हायच्या आत अंथरुणात असतो. हे सायन्सने शक्य आहे का?
(इयत्ता सातवी, कारेलीबाग)

नाही रे बाबा. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, अली एका सेकंदात बटणापासून पलंगापर्यंत पण गेला नसता. पण हे विज्ञान नव्हतंच, ही त्याची पब्लिसिटी होती, लढतीच्या आधी कविता करायच्या, समोरच्याला कितव्या राउंडमध्ये पाडणार ते सांगायचं, दगडाला मारलं विटेला दवाखान्यात पाठवलं वगैरे. इतर बॉक्सरांच्या थापा दुसरे मारतात, अलीच्या निम्म्या त्यानेच मारल्यात, आणि त्यामुळे त्याचा कोणाला राग येत नाही.

प्रश्न: हेन्री कूपरने अलीला पाडलं होतं, पण अलीच्या कोचने ब्लेडने ग्लोव्ह फाडला, नवीन ग्लोव्ह शोधण्यात पाच मिनिटं गेली आणि तेवढ्यात अली शुद्धीवर आला, असं आमच्या जिममध्ये सगळे सांगतात. खरं का?
(वय 24, वाघोडिया रोड)

ही माझी सगळ्यात लाडकी भानगड, म्हणून जरा सविस्तर. 18 जून 1963, लंडनचं वेम्बली स्टेडियम. कूपर म्हणजे इंग्लंडचा लाडका, डाव्या हाताचा हूक असा की हातोडाच. चौथा राउंड संपायला काही सेकंद उरलेले असताना तो हूक बसला आणि क्ले दोरांवर जाऊन खाली. उठला, घंटा झाली, डोळे नुसते भिरभिरलेले, स्टुलावर कसाबसा बसवला. कॉर्नरला त्याचा कोच अँजेलो डंडी. त्याच्या लक्षात आलेलं होतं की एका ग्लोव्हची शिवण थोडी उसवलीय. मग त्याने त्यात बोट घालून भोक अजून मोठं केलं आणि रेफ्रीला बोलावून दाखवलं, बघा हो ग्लोव्ह फाटलाय. हे डंडीने स्वतः कबूल केलंय, वर्षानुवर्षं, हसत हसत. ब्लेड मात्र तुमच्या जिमने लावलेलं.

आता पाच मिनिटांचं. कोणी दोन म्हणतं, कोणी तीन, तुमच्याकडे पाच झाली, पुढच्या पिढीत जेवणाची सुट्टी होईल. फिल्म बघून घड्याळ लावलं तर ब्रेक ठरलेल्या एका मिनिटापेक्षा पाच-सहा सेकंदच लांबला. आणि नवीन ग्लोव्ह घातलाच नाही, जागेवर दुसरी जोडी नव्हतीच, तोच फाटका ग्लोव्ह घालून तो पाचव्या राउंडला आला आणि कूपरच्या डोळ्यावरची जखम अशी फोडली की रक्त थांबेना, फाइट संपली.

मग पाच सेकंदांची पाच मिनिटं झाली कशी? माझा अंदाज सांगतो. इंग्लंडच्या लोकांना आपला माणूस हरला नाही, फसवला गेला असं म्हणायला बरं वाटत होतं, आणि डंडीला आपण किती चलाख ते सांगायला बरं वाटत होतं. दोन्ही पार्ट्यांना एकच थाप सोयीची असेल तर ती मरत नाही. उलट 1974 ला आफ्रिकेत किन्शासात चॅम्पियन जॉर्ज फोरमनच्या फाइटमध्ये अली कितीतरी राउंड दोरांना टेकून मार खात राहिला आणि मग आठव्यात फोरमनला झोपवलं, तेव्हा लोक म्हणाले दोर डंडीने मुद्दाम सैल केले. तिथे मात्र डंडी मरेपर्यंत नाही नाही म्हणत राहिला, मी तर दोर आवळत होतो, उकाड्याने सैल पडले म्हणे. ज्या माणसाने ग्लोव्ह फाडला हे मजेत सांगितलं तो दोरांबद्दल कशाला खोटं बोलेल, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे.

प्रश्न: बॉक्सरचे हात पोलिसात हत्यार म्हणून रजिस्टर करावे लागतात ना?
(मांजलपूर)

नाही. भारतात नाही, अमेरिकेत पण नाही. पॅसिफिक समुद्रात गुआम नावाचं अमेरिकेच्या ताब्यातलं छोटंसं बेट आहे, तिथल्या कायद्यात कराटे-जुडोच्या एक्स्पर्टने नाव नोंदवायचं असं कलम आहे. तेवढंच.

प्रश्न: मी एका हॉस्पिटलमध्ये प्लॅस्टर रूमला काम करतो. जॅक डेम्प्सीने हाताच्या पट्टीत प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरून समोरच्याचा जबडा मोडला असं वाचलं. माझा तर विश्वास बसत नाही.
(सयाजीगंज)

भाऊ, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, पण कथा सांगतो. 4 जुलै 1919, अमेरिकेतलं टोलेडो शहर, भर उन्हात फाइट. चॅम्पियन जेस विलर्ड साडेसहा फुटांच्या वर, डेम्प्सी त्याच्यापेक्षा पाच-सहा इंचांनी बुटका. पहिल्याच राउंडमध्ये डेम्प्सीने त्याला सात वेळा पाडलं. सात! तिसऱ्या राउंडनंतर विलर्ड स्टुलावरून उठलाच नाही. लोकांना पटेना की नुसत्या मुठीने हे होतं. मग 1964 मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी, डेम्प्सीचा जुना मॅनेजर जॅक कर्न्स याच्या नावाने एका मोठ्या मासिकात छापून आलं की पट्ट्यांवर मी पावडर शिंपडली होती, टाल्कम आहे असं भासवून, पाणी मारलं आणि सिमेंट झालं. कर्न्स तोपर्यंत वारलेला, आणि डेम्प्सीशी त्याचं वैर जुनं, पैशावरून. डेम्प्सीने मासिकावर केस ठोकली आणि मासिकाला माफी मागावी लागली.

आता मी काय केलं ते सांगतो, बायकोला कळलंय त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत मूर्तीचं काम चालू असतं, तिथून वाटीभर पीओपी आणलं. भाच्याच्या हाताला साधं बँडेज गुंडाळलं, वरून पावडर, वरून पाणी. पहिली गोष्ट, दहा मिनिटांत हात गरम व्हायला लागला, पोरगं म्हणायला लागलं मामा काढा. तुम्हाला हे रोजचं असेल, पण जाड थर असला तर भाजतं, म्हणून सांगतो कोणी करू नका. दुसरी गोष्ट, गव्हाच्या पोत्यावर त्याने पहिला ठोसा मारला आणि प्लॅस्टरला तडे, दुसऱ्या ठोशाला तुकडे, चौथ्याला बोटांच्या सांध्यावरचं सगळं पांढरं पीठ होऊन पोत्यावर. पीओपीचा गणपती दाराच्या चौकटीला नुसता घासला तरी कान जातो, तेच. आणि टणक राहिलंच असतं तर आधी डेम्प्सीचीच बोटं मोडली असती. त्यावर विलर्डने फाइटच्या आधी डेम्प्सीचे हात तपासले होते ते वेगळंच.

गहू पाखडायला दोन दिवस गेले. कोणी पाखडला ते विचारू नका.

प्रश्न: लिस्टन न लागलेल्या ठोशाने पडला ना? मॅच फिक्स होती?
(अकोटा)

25 मे 1965, अमेरिकेच्या मेन राज्यातलं लुइस्टन नावाचं छोटं गाव, समोर अली, प्रेक्षक फक्त 2,434, हेवीवेट चॅम्पियनशिपला इतके कमी कधी आले नव्हते. त्यातले बरेच अजून सीटवर बसत होते तेवढ्यात पहिल्याच राउंडमध्ये सॉनी लिस्टन आडवा. म्हणून "दिसलाच नाही" ठोसा. स्लो मोशनमध्ये बघितलं तर उजव्या हाताचा छोटा ठोसा लागताना दिसतो, म्हणजे हवेने पडला हे खोटं. पण तेवढ्याने लिस्टनसारखा रेडा पडावा का, यावर माझं आणि माझ्या मेहुण्याचं वीस वर्षं पटलेलं नाही. अलीने यालासुद्धा कथा जोडलीच, की हा गुप्त ठोसा जुना चॅम्पियन जॅक जॉन्सनचा, एका म्हाताऱ्या नटाने मला शिकवला. वस्तादाची विद्या गुपचूप मिळाली म्हटलं की आपल्या तालमीतल्या गोष्टींसारखंच झालं की नाही?

प्रश्न: जॅक जॉन्सन या काळ्या बॉक्सरने मंकी रेंच शोधला आणि गोऱ्यांनी त्याला चिडवायला ते नाव ठेवलं, असा फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर फिरतोय. मी मकरपुरा जीआयडीसीत फिटर आहे, रोज पाना हातात असतो, म्हणून विचारतो. आणि टायटॅनिकवर त्याला चढू दिलं नाही हे पण त्यातच आहे.

छान प्रश्न, आणि अर्धा खरा आहे. जॉन्सनच्या नावावर पान्याचं पेटंट खरंच आहे, 1922 सालचं, त्याच्या आधीच्या वर्षी तो तुरुंगातून सुटला होता. पण मंकी रेंच हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होतं, त्याचा जन्म 1878 चा आणि नाव त्याच्याही आधीचं. म्हणजे पाना त्याचा, पण तो पाना नाही.

टायटॅनिकचं म्हणाल तर त्याला तिकीट नाकारल्याचा पुरावाच नाही. 1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली आणि जुलैमध्ये न्यू मेक्सिकोत त्याची पुढची फाइट होती. पण काळ्या लोकांच्या गाण्यांतून ही कथा पसरली, आणि का पसरली ते कळतं, ज्याला चढू दिलं नाही तोच वाचला, यापेक्षा गोड सूड कुठला.

अजून एक आहे, भरधाव गाडी चालवताना पोलिसाने पन्नास डॉलर दंड केला तर याने शंभरची नोट काढून दिली, सुट्टे ठेव, परत येताना पण याच स्पीडने येणार आहे म्हणे. हे त्याच्या नावावर खपून जातं कारण त्याला गाड्यांचं वेड खरंच होतं, आणि 1946 ला मेलाही गाडीच्या अपघातातच.

पण मला सांगा, ज्याची खरी हकीगत अशी आहे त्याला थापांची गरज काय? 1908 ला सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन झाला. गोऱ्यांनी निवृत्त झालेल्या जेफ्रीजला शेतावरून परत आणलं, 4 जुलै 1910 ला रेनो गावात जॉन्सनने त्याला पण झोपवलं, आणि त्या रात्री अमेरिकेत दंगली झाल्या, माणसं मेली, फाइटची फिल्म दाखवायला कितीतरी ठिकाणी बंदी. मग गोऱ्या बायकांशी संबंध म्हणून केस, 1913 ला शिक्षा, हा देश सोडून पळाला, सात वर्षं बाहेर, 1920 ला स्वतःहून येऊन आत गेला. आणि त्या शिक्षेची माफी मिळाली कधी? 2018 साली. मरून बहात्तर वर्षं झाल्यावर. हे फॉरवर्ड करा ग्रुपवर.

प्रश्न: काका, फोटोत तुमचं नाक डावीकडे वाकडं दिसतं. तुम्ही पण बॉक्सिंग करायचात का?
(तुमची वाचक, रावपुरा)

कॉलेजात ज्युनियर मुलांना तसंच सांगितलं होतं. खंडेराव मार्केटमध्ये कोबीच्या पाटीवाल्याला धडकलो होतो.

प्रश्न: आमचे आजोबा सांगायचे की गामा पैलवानाने बडोद्यात 1200 किलोचा दगड छातीपर्यंत उचलून चालत नेला. तो कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहे. गामा बॉक्सर नव्हता हे माहितीय, पण थापांचा विषय निघालाय तर याचा निकाल लावा.
(वाडी)

मला वाटलंच होतं हा प्रश्न येणार, आणि उत्तर देताना हात जरा कापतोय कारण हा आपल्या गावचा दगड. मी मागच्या रविवारी नातवाला घेऊन मुद्दाम गेलो. तो दगडाभोवती गोल गोल फिरला, मग कंबर वाकवून उचलायची ॲक्शन केली, मग म्हणाला आजोबा याला पकडायचं कुठून? अहो, हाच खरा प्रश्न आहे, शंभर वर्षांत मोठ्या माणसांना पडला नाही.

दगडावर कोरलंय की 23 डिसेंबर 1902 ला गुलाम मोहम्मद ऊर्फ गामा पैलवानाने तो उचलला. तेव्हा गामा चोविशीचा, उंची पाच फूट सात-आठ इंच. दगड अडीच फुटी. आता हिशोब करा. दगडाचं वजन घनमीटरला साधारण 2700 किलो धरा. सगळीकडून अडीच फूट असा चौकोनी ठोकळा असेल तर वजन येतं 1195 किलो, म्हणजे 1200 चा आकडा हवेतून आलेला नाही, कोणीतरी हिशोब केलाय. पूर्ण गोल धरला तर 625 च्या आसपास. म्हणजे खरं वजन या दोन टोकांच्या मधे कुठेतरी.

आता छातीपर्यंत. जमिनीवरून लोखंडी बार उचलायची जी डेडलिफ्ट असते तिच्यात 500 किलो पहिल्यांदा उचलले 2016 साली, इंग्लंडच्या एडी हॉलने, तोही फक्त मांडीपर्यंत, आणि त्याच्या नाकातून रक्त आलं, डोळ्यांपुढे अंधार आला. त्यानंतर जगातल्या राक्षसांनी त्यात पाच-दहा किलोच वाढवलेत. आणि तिथे धरायला बार असतो. इथे धरायला काही नाही. तेव्हा छातीपर्यंत उचलून चालत नेला हे, आजोबांची माफी मागून, नाही.

पण थांबा, एवढ्यात गामाला खोटा ठरवू नका. त्या काळात वजन उचलण्याचा एक प्रकार जोरात होता, पाठीवरची उचल. माणूस वाकून फळीखाली शिरतो, हात स्टुलावर टेकतो, आणि पाय ताठ करून फळी इंच-दोन इंच वर करतो, वजन सगळं पाठीच्या आणि मांड्यांच्या हाडांवर येतं. कॅनडाच्या लुई सीरने 1895 ला बॉस्टनमध्ये असे अठरा लठ्ठ माणसं बसलेला फलाट उचलला, जवळपास 1970 किलो. मग गामाला 1200 का नाही जमणार? माझं मत हे, की गामाने काहीतरी प्रचंड केलंच होतं, दरबारात दगडावर उगाच अक्षरं कोरत नाहीत, पण "उचलला" या एका शब्दात पाठ होती, आपण त्याचे हात केले आणि वरून चार पावलं चालवला. हाच गामा 1910 ला लंडनला जाऊन पोलंडच्या झ्बिश्को पैलवानाशी अडीच तास लढला, तो पोटावर चिकटून बसला म्हणून निकाल लागेना, आणि 1928 ला पटियाळ्यात त्याच झ्बिश्कोला एका मिनिटाच्या आत चीत केलं. यातलं मी काही वाढवलेलं नाही.

आणि बडोद्याचा आणि ठोशांचा संबंध पाहिजेच असेल तर तो गामापेक्षा जुना आहे. खंडेराव महाराजांच्या वेळी, 1860 च्या दशकात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी इथे आला होता, त्याने दरबारातली एक कुस्ती लिहून ठेवलीय, मल्लांच्या मुठीत शिंगाची नखं बांधलेली, अंगावर हार, आणि एकमेकांना रक्तबंबाळ करतायत. हीच वज्रमुष्टी, जेठी मल्लांची. त्याच मल्लांच्या विद्येवरचं मल्लपुराण पुढे आपल्याच प्राच्यविद्या मंदिरातून छापून निघालं. म्हैसूरच्या दसऱ्यात अजून वज्रमुष्टी होते, पहिला थेंब रक्त आला की थांबवतात. आपल्याकडे थांबवत नव्हते असं रूसले वाचून वाटतं. जुम्मादादा व्यायाम मंदिरात मलखांब करायला जाणाऱ्या आताच्या पोरांना हे सांगितलं तर ती म्हणतील काका फेकतायत.

प्रश्न: बॉक्सरला देव केल्याचं उदाहरण आहे का? हिंदू-मुसलमान कोणी नको, वाद होतो.
(निवृत्त शिक्षक, प्रतापनगर)

सर, आहे, आणि ग्रीसमध्ये आहे त्यामुळे वाद नाही. थासोस बेटाचा थिएगेनीस, इसवीसनापूर्वी 480 च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग जिंकला. नऊ वर्षांचा असताना शाळेतून येताना चौकातली ब्रॉन्झची देवाची मूर्ती आवडली म्हणून खांद्यावर टाकून घरी नेली म्हणे. गामाच्या दगडाचा थोरला भाऊच! आयुष्यात 1400 बक्षिसं. मेल्यावर त्याचा पुतळा उभा केला, तर त्याचा एक दुश्मन रोज रात्री येऊन पुतळ्याला चाबकाने मारायचा. एका रात्री पुतळा त्याच्यावर पडला आणि तो मेला. त्याच्या मुलांनी पुतळ्यावर खुनाची केस केली, पुतळा दोषी ठरला, समुद्रात बुडवला. मग बेटावर दुष्काळ. देवीच्या कौलासारखा तिकडे डेल्फीचा कौल, तो घेतला तर उत्तर आलं की तुम्ही थिएगेनीसला विसरलात. शेवटी कोळ्यांच्या जाळ्यात पुतळा लागला, परत बसवला, पूजा सुरू, आजारपणाला नवस सुरू. हे सगळं पॉसेनियस नावाच्या प्रवाशाने लिहिलंय आणि यातलं किती घ्यायचं ते तुम्ही ठरवा, पण थासोसच्या उत्खननात त्याच्या नावाची दगडी दानपेटी खरंच सापडलीय, त्यावर लिहिलंय की एका ओबोलपेक्षा, म्हणजे त्यांच्या एका छोट्या नाण्यापेक्षा, कमी टाकू नका. दानपेटीवर रेट लिहिलेला बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

प्रश्न: टायसन एवढा भयंकर, पण कबुतरं पाळायचा हे खरं वाटत नाही.

खरं आहे. लहानपणी ब्रुकलिनमध्ये एका दांडगट पोराने त्याच्या कबुतराची मान पिरगळली, तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला असं तो सांगतो. अजून पाळतो. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी मांज्यात पंख कापलेली कबुतरं आपल्या गच्च्यांवर पडलेली असतात, तेव्हा मला कधीकधी वाटतं हा माणूस एकदा इथे यायला पाहिजे, नाक्यावरच्या चायनीज मांजा विकणाऱ्यांना नुसता दिसला तरी पुरे.

प्रश्न: शेवटचं, आणि जरा घरचं आहे. माझे बाबा रेल्वेत होते, काही वर्षं दिल्लीला पोस्टिंग होतं. ते नेहमी सांगायचे की मुहम्मद अली दिल्लीत एका सरदारजी फौजीशी लढला आणि मी स्टेडियममध्ये होतो. आम्ही भावंडं फार हसायचो, अली कशाला येतोय दिल्लीत. दरवेळी बाबा राउंड पण वाढवायचे, चार, मग सहा, एकदा तर दहा सांगितले. बाबा आता नाहीत. तुम्ही खरं काय ते सांगा.
(गोत्री)

ताई, अली आला होता. जानेवारी 1980, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, आणि सरदारजींचं नाव कौर सिंग, आपल्या सैन्यातले, पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातल्या खनाल खुर्द गावचे. प्रदर्शनीय फाइट होती, हार-जीत नव्हती, अली तेव्हा अडतीस वर्षांचा. कौर सिंगांनी पुढे 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेटचं गोल्ड घेतलं, पद्मश्री मिळाली, मग गावी जाऊन शेती केली, 2023 मध्ये गेले. त्यांच्या गावातसुद्धा सुरुवातीला किती जणांना पटलं असेल कोण जाणे.

राउंड मात्र चारच होते. बाबांनी पहिल्यांदा सांगितले तेवढेच.